बोगद्यातील जलवाहिनीभोवतीची पोकळी भरताना
बोगद्यात बसवलेल्या पोलादी जलवाहिनीभोवतीची पोकळी आम्ही साध्या सिमेंट ग्राउटने (सिमेंट आणि पाण्याच्या पातळ मिश्रणाने) भरू लागलो, तेव्हा घनमीटरला सुमारे 1,800 किलो वजनाच्या त्या द्रवाने रिकामी वाहिनी आधारांवरून उचलली. ग्राउट घट्ट होण्यापूर्वीच धुऊन काढले, वाहिनी पुन्हा रेषेत आणली आणि मी 600 किलोच्या आसपास घनतेचे फेसयुक्त ग्राउट निवडले; मात्र त्यातही उत्प्लावक बल (द्रवाचे वर ढकलणारे बल) उरतेच, म्हणून वाहिनी पाण्याने भरली, वरून टेकू दिले आणि आधीचा थर घट्ट झाल्यावरच पुढचा थर ओतला. घनता मिश्रणयंत्रापाशी नव्हे, तर नळीच्या टोकाशी मोजावी असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण लांबवर पंप करताना फेस फुटून ग्राउट जड होऊ शकते. माथ्यावरील हवानळ्यांतून त्याच घनतेचे ग्राउट बाहेर आल्यावरच पंप थांबवला.