‘इज’च्या पुढचे नामवाक्य शिकवताना

सोलापुरात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवू लागलो, तेव्हा ‘लिंकिंग व्हर्बपुढे आलेले नामवाक्य म्हणजे कॉम्प्लिमेंट’ एवढे सांगितले की धडा संपला, अशी माझी समजूत होती. लिंकिंग व्हर्ब म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारे ‘इज’सारखे क्रियापद, नामवाक्य म्हणजे नामाचे काम करणारे उपवाक्य आणि कॉम्प्लिमेंट म्हणजे कर्ता कोण किंवा कसा आहे हे सांगणारा पूरक भाग. ‘द ट्रबल इज दॅट द टॅप इज ड्राय’ हे फळ्यावर लिहिताच वर्ग ‘अडचण अशी आहे की नळ कोरडा आहे’ असे सांगून मोकळा होई. मराठीतही ‘आहे’नंतरच ‘की’ येत असल्यामुळे इथवर कोणाचेच अडत नाही.

माझे अडले ते चाचणीत. ‘इट इज ट्रू दॅट ही लाइड’ या वाक्यातील ‘दॅट’पासूनच्या भागाला बहुतेकांनी कॉम्प्लिमेंट ठरवले आणि मीही गुण देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरील मुलीने विचारले, “मग सर, ट्रू हा शब्द कोण?” मला उत्तर देता आले नाही, ती शरम अजून गेलेली नाही.

येथे कॉम्प्लिमेंटची जागा ‘ट्रू’ने आधीच घेतलेली आहे. ‘इट’ हा एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखा असून, ज्याच्यासाठी ती जागा धरली तो खरा कर्ता, म्हणजे ‘दॅट ही लाइड’, मागाहून येतो. रुमाल उचलला की ‘दॅट ही लाइड इज ट्रू’ हे वाक्य उरते. ‘द ट्रुथ इज दॅट ही लाइड’ यात मात्र कर्ता ‘द ट्रुथ’ आहे आणि ते सत्य कोणते, हे नामवाक्य सांगते. म्हणून ‘इज’च्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट आहे का, हे मुलांना विचारायला लावावे. ‘आय ॲम ग्लॅड दॅट यू केम’ला ही कसोटी लावली, तर ‘मी म्हणजे तू आलास’ असे काहीतरी निघते आणि वर्ग हसतो. तेथील नामवाक्य ‘ग्लॅड’ला जोडलेले आहे, ‘आय’ला नव्हे.

‘इजनंतर दॅट दिसला की कॉम्प्लिमेंट लिहा’ ही गाइडमधील युक्ती कृपया देऊ नका. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला ती ‘परीक्षेपुरती चालते’ म्हणून दिली होती. ती परीक्षेतही चालत नाही.

‘द क्वेश्चन इज व्हेअर ही वेंट’ऐवजी मुले ‘व्हेअर डिड ही गो’ लिहितात, कारण कष्टाने शिकलेला ‘डिड’ त्यांना सोडवत नाही. ते सरावाने सुटते. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू घरांतून आलेली मुले ‘माय फादर वीव्हर’ लिहितात, तेव्हाही रागावू नये. तेलुगूत ‘तो शिक्षक’ एवढ्यावरच वाक्य पूर्ण होते, कन्नडमध्येही तसेच. त्यामुळे ‘इज’ गळणे हा आळस नव्हे. अशा मुलांना आधी ‘इज’ची सवय लावावी, नामवाक्य चार दिवस उशिरा आले तरी चालेल.

त्या चाचणीचे कागद मी परत मागवून गुण कमी केले आणि आठवडाभर वर्गाचा रुसवा सोसला. आता पहिल्या आठवड्यात ‘इट’ने सुरू होणारे एकही वाक्य मी फळ्यावर लिहीत नाही.