एकाच जातीची डुकरं, मग शेजारच्या फार्मवर लवकर का भरतात?

शिरोळ, हातकणंगले, कागल, कुठल्याबी वराहपालनवाल्याशी बोला, प्रश्न एकच. दोघांनी लार्ज व्हाइट यॉर्कशायरचीच पिल्लं आणली, त्याची ९० किलोला गेली आणि माझी अजून ६०-६५ वरच, जात खराब लागली का? बहुतेक वेळा जातीचा दोष नसतो राव, फरक रोजच्या कामात असतो आणि वजन लिहून ठेवल्याशिवाय तो सापडत नाही.

काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधनं शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३. घेर ०.९५ आणि लांबी १ मीटर आली तर साधारण ६२ किलो. पंधरा दिवसांनी परत त्याच जनावरांचं माप घ्या, वाढलेलं वजन भागिले दिवस, झाली रोजची वाढ. १२ किलोचं पिल्लू ९२ ला जायला १६० दिवस लागले तर रोजचे ५०० ग्रॅम, १२८ दिवसात गेलं तर ६२५. मधले ३२ दिवस तुम्ही फुकट खायला घालताय, रोजचं २ किलो धरलं तरी एका डुकरामागं ६४ किलो खाद्य गेलं.

आता खाद्य. आपल्याकडं बरेच जण हॉटेल, मेसचं उरलेलं आणतात आणि हिशोब बादलीत करतात, इथंच सगळं फसतं. ओल्या खरकट्यात ८० टक्के पाणी असलं तर १० किलोत खरं खाद्य २ किलोच. त्यात श्रावण आला की खरकट्यातलं मटण-चिकन बंद, प्रोटीन खाली येतं आणि आपण म्हणतो डुकरं थांबली. त्या महिन्यात सोयाबीन पेंड वाढवा, मका आणि मिनरल मिक्श्चर चालू ठेवा. खरकटं नीट उकळल्याशिवाय घालू नका, आणि रश्शात मीठ जास्त असतं त्यामुळं पाणी कमी पडलं तर मीठ बाधून जनावर दगावतं.

पाण्याचं तर कुणी बघतच नाही. डुकरं ज्याला तोंड लावून पाणी पितात त्या नळाच्या निपलखाली लिटरचं भांडं धरा आणि घड्याळ लावा, वाढत्या डुकराला मिनिटाला निदान अर्धा ते एक लिटर, दूध पाजणाऱ्या मादीला दोन लिटर आलं पाहिजे. धार बारीक असली की खाणं आपोआप कमी होतं. एप्रिल-मेमध्ये खाद्य पहाटे आणि सांजच्याला घाला, डुकराला घाम जवळजवळ येतच नाही.

पिल्लांचं पहिल्याच दिवशी ठरतं. २४ तासांच्या आत प्रत्येकाला चीक मिळाला का बघा, तिसऱ्या दिवशी आयर्नचं इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आणि बल्बखाली ३०-३२ डिग्री ऊब. मादीचा माज चुकला की २१ दिवस गेले, म्हणून तारखा भिंतीवर लिहा, गाभणकाळ ११४ दिवस धरा.

शेजाऱ्याशी तुलना जरूर करा पण त्याची वही मागा, शेडमध्ये शिरू नका. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला, त्याला औषध नाही आणि तो चपलांवरनंबी येतो. जावंच लागलं तर परत आल्यावर आंघोळ, कपडे बदल, आणि आपल्या शेडचे गमबूट वेगळे.