आयपीए कडू म्हणून बाजूला सारताय? आधी या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात मेहुणा सांगलीहून आमच्याकडे सॅक्रामेंटोला आला होता. त्याला म्हटलं चल, कॅलिफोर्नियात आलायस तर इथली आयपीए तरी पिऊन बघ. (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्सच्या वासाची आणि कडवटपणाची बियर; हॉप्स म्हणजे बियरमध्ये घालतात ती एका वेलीची फुलं.) फ्रीझरमधून पांढरे धुके आलेला ग्लास काढला, गॅरेजमधल्या खोक्यातला कॅन घाईघाईत बर्फात बुडवून गार केला, बरोबर बायकोने केलेला लसणाचा चिवडा. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "दाजी, ह्यात कारलं पिळलंय का काय?"

मी हसलो, पण नंतर लक्षात आलं की चूक त्याच्या जिभेची नव्हतीच. त्या एका ग्लासात मी एकट्याने चार चुका करून ठेवल्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्याआधी दोनच आठवडे मी ऑफिसात लोकांना बियर कशी चाखायची यावर लेक्चर दिलं होतं. असो. तर ही यादी बरीचशी माझ्याच चुकांची आहे. अमेरिकन आयपीए नाजूक चीज आहे, ती दिसायला दांडगट वाटते हाच घोटाळा. तिला नावं ठेवायच्या आधी ती आपल्या हातात कशी आली आणि आपण ती कशी ओतली हे बघा.

तारीख न बघणं, किंवा उलटी वाचणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आपल्या लोकांची तर खासच. एकदा ऑक्टोबरमध्ये एका दुकानात सहाचा पॅक सेलमध्ये मिळाला. कॅनच्या बुडाशी ०४०९ असं छापलेलं. मी मनात म्हटलं ४ सप्टेंबर, म्हणजे जेमतेम महिन्याभराची, मस्त! घरी आणली, उघडली, आणि वास काहीच नाही. म्हणजे अगदी काहीच. गोडसर, जुन्या मधासारखी चव आणि मागे नुसता कडवटपणा. मी आठवडाभर त्या बियरची बदनामी केली. मग एका अमेरिकन कलीगने कॅन हातात घेतला आणि म्हणाला, ही तर ९ एप्रिलची आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात हे मला इतक्या वर्षांनी माहीत नव्हतं असं नाही हो, व्हिसाचे फॉर्म भरून भरून हात दुखलेत, पण सेलचा स्टिकर दिसला की डोकं गहाण पडतं.

अजून एक प्रकार असतो, नुसते तीन आकडे, ११८ वगैरे. तो वर्षातला एकशे अठरावा दिवस, म्हणजे २८ एप्रिल. आणि छापलेली तारीख भरल्याची आहे की ‘या तारखेआधी प्या’वाली आहे तेही बघा, दोन्हींत महिन्यांचा फरक असतो. मी स्वतः भरल्यापासून दोन महिन्यांच्या आतली घेतो, तीन महिने उलटले असतील तर हात लावत नाही, फुकट असली तरी. म्हणजे ती पिऊन काही होत नाही, पोट बिघडत नाही, फक्त ज्याच्यासाठी ती बनवली ते उडून गेलेलं असतं. वाइन मुरते म्हणून आयपीएही मुरेल असं समजून कपाटात ठेवणारे लोक मी पाहिलेत. ताजी कोथिंबीर कोणी मुरवतं का?

गॅरेज, डिकी आणि ऊन

इथल्या ब्रुअरीवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३००. बियर ३२ डिग्रीला तीन दिवसांत जेवढी म्हातारी होते तेवढी २२ डिग्रीला तीस दिवसांत होते आणि फ्रीजमध्ये ३ डिग्रीला तीनशे दिवसांत. अगदी काटेकोर नियम नाही पण अंदाज बरोबर येतो. आता सॅक्रामेंटोत जुलैत बाहेर ४० डिग्री असतं, गॅरेज नुसतं भट्टी, आणि माझा खोका तिथे दहा दिवस पडून होता. मग त्या मेहुण्याला कारलं नाही लागणार तर काय. आणि दुकानातही बघा, बियर फ्रीजमध्ये उभी आहे की खिडकीपाशी थप्पी लावलीय. थप्पीतली असेल तर तारीख चांगली असूनही मी जरा विचार करतो.

उजेडाचं वेगळं प्रकरण आहे. हॉप्समधली जी कडू द्रव्यं असतात त्यांच्यावर ऊन पडलं की त्यातून एक गंधकाचं संयुग तयार होतं, आणि त्याचा वास थेट स्कंकसारखा. स्कंक हा प्राणी भारतात नसतो त्यामुळे तिथल्या मंडळींना सांगणं अवघड आहे, इथे रात्री हायवेवर एखादा गाडीखाली आला की काचा बंद असल्या तरी मैलभर पाठलाग करतो तो वास. खोटं वाटत असेल तर करून बघा, एकच बियर दोन ग्लासांत ओता, एक घरात ठेवा, दुसरा पंधरा मिनिटं भर उन्हात, मग हुंगा. मी अंगणात केलं, फरक कळायला काही तज्ज्ञ लागत नाही, माझ्या बायकोने तीन फुटांवरून ओळखलं. तपकिरी बाटली बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पारदर्शक फारशी नाही, कॅनमध्ये उजेडाचा प्रश्नच नाही. पण पिकनिकला कॅनमधून काढून पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात ओतली आणि उन्हात गप्पा मारत बसलात की तो प्रश्न परत आला.

बर्फगार ग्लास

फ्रीझरमधला ग्लास फोटोत भारी दिसतो, चाखायला बेकार. थंडीने जीभ बधिर होते आणि वास वर येतच नाही, मग उरतो फक्त कडवटपणा. आयपीए साधारण ७ ते १० डिग्रीला प्यावी, म्हणजे फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर. थेट कॅनमधून पिणं ही त्याचीच बहीण, नाक बाहेरच राहतं. हां, व्हरमाँटच्या ‘हेडी टॉपर’ या आयपीएच्या कॅनवर ‘कॅनमधूनच प्या’ असं छापलेलं असायचं आणि लोक ते वेदवाक्यासारखं पाळायचे, पण ती गोष्ट सोडा, परीक्षा करायची तर ग्लासच हवा.

ग्लास स्वच्छ हवा म्हणजे नुसता घासलेला नाही. ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर समजा तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिलाय. आपल्या घरात ज्या स्पंजने कढई घासतो त्यानेच ग्लास घासला तर हे होणारच. ओतताना फार जपून, कडेने कडेने ओतू नका, शेवटी सरळ मधोमध ओतून दोन बोटं फेस येऊ द्या, त्या फेसातूनच वास वर येतो. फेस म्हणजे दुकानदाराने माप मारलं, ही समजूत विसरा.

चिवडा, फोडणी, अगरबत्ती

टेस्टिंगला चार मराठी माणसं जमली की खायला काहीतरी पाहिजेच. पण हिंग, लसूण, कढीपत्ता यांच्यासमोर कुठलेही हॉप्स टिकणार नाहीत. तिखटाचा त्रास वेगळाच, मिसळ किंवा ठेचा खाऊन वर आयपीए घेतली की अल्कोहोल आणि कडवटपणा दोन्ही मिळून तिखट अजून पेटवतात. चाखताना साधी पोळी किंवा ब्रेडचा तुकडा आणि पाणी, बास. बाकी सगळं नंतर. आणि संध्याकाळची अगरबत्ती विझू द्या आधी, देव रागवणार नाहीत.

अजून एक. अमेरिकन पाइंटचा कॅन ४७३ मिलीचा असतो, आणि आयपीए ७ टक्क्यांची असेल तर इथल्या हिशोबाने तो एकच कॅन जवळपास दोन ड्रिंक्स होतो. दोन कॅन झाल्यावर सगळ्याच बियरला नव्वद मार्क पडतात. एक कॅन चौघांत वाटा, प्रत्येकी शंभर-सव्वाशे मिली पुरते. तीन-चार प्रकार असतील तर हलकी आधी, डबल आयपीए (जास्त हॉप्सची, जास्त कडक) सगळ्यात शेवटी, उलट केलंत तर नंतरच्या सगळ्या पाणी लागतील. आणि घरी गाडी चालवत जाणाऱ्याने हुंगण्यावर समाधान मानावं.

फक्त कडू शोधणं

लोक कॅनवरचा कडवटपणाचा, म्हणजे आयबीयूचा आकडा बघून ठरवतात, सत्तर म्हणजे जहाल, चाळीस म्हणजे मिळमिळीत. तसं नसतं. तो आकडा एका लिटरमध्ये कडू द्रव्य किती मिलिग्रॅम आहे याचा आहे, आणि बऱ्याचदा मोजलेलाही नसतो, हिशोबाने काढलेला असतो. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडवा किती, अल्कोहोल किती, यावर जिभेला किती कडू लागणार ते ठरतं. चहात साखर किती आहे हे कळल्याशिवाय पत्ती जास्त झाली का हे सांगता येतं का?

शिवाय अमेरिकन आयपीएचा जीव कडवटपणात कमी आणि वासात जास्त आहे. हॉप्स तासभर उकळले की कडवटपणा उतरतो, शेवटी शेवटी टाकले की सुगंध राहतो, आणि फर्मेंटेशन होत आल्यावर थंडपणी टाकतात त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. कढीपत्ता फोडणीत आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, तसंच. या वासाची अमेरिकेतली गोष्ट कॅस्केड नावाच्या हॉप्सपासून सुरू होते, ते १९७२ मध्ये आले, १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने लिबर्टी एल ही बियर त्यावर बनवली, आणि १९८० मध्ये आमच्याकडून दीड तासावरच्या चिकोमध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरी सुरू झाली. नावात इंडिया आहे कारण मूळ इंग्रजी पेल एल मुंबई-कलकत्त्याला जहाजाने यायची. समुद्रात टिकावी म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या बियरवाल्याने ती शोधून काढली असं सगळीकडे सांगतात, पण त्याच जहाजांतून काळी पोर्टरही यायची आणि तीही पोचायची, त्यामुळे त्या गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

वास सांगताना इंग्रजी पाठ केलेले शब्द वापरू नका. ग्रेपफ्रूट लहानपणी कोणी खाल्लं होतं? पपनस म्हणा. हॉप्सच्या जातींपैकी कॅस्केड, सेंटेनियलला पपनसाच्या आणि संत्र्याच्या सालीचा वास येतो. सिम्को म्हणजे चिडाचं लाकूड, राळ. सिट्रा म्हणजे लिंबाची साल, लिची. मोझेकला पिकलेला आंबा, आणि मला तरी देठाशी चीक असलेली कैरी आठवते, त्यात अर्थ आहे कारण मायर्सीन नावाचं तेल हॉप्समध्ये पण असतं आणि आंब्यात पण. काही आयपीएंना गांजासारखा वास येतो, दचकू नका, हॉप्स आणि भांग एकाच कुळातले.

हुंगताना एक लांब श्वास नको, छोटे छोटे दोन-तीन. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, निम्मी चव तिथे कळते. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या आत हुंगा, कॉफीच्या बिया शोधत बसू नका.

कुठला वास म्हणजे काय बिघडलंय

ओला पुठ्ठा किंवा जुनी वही असा वास आला तर हवा लागलीय, बियर शिळी. आयपीएत त्याच्याही आधीची पायरी दिसते, रंग जरा काळवंडतो, फळांचा वास जातो आणि काकवीसारखी गोडी वर येते. माझ्या त्या सेलच्या पॅकमध्ये हेच झालं होतं. उपाय नाही, पुढच्या वेळी तारीख बघा.

लोणी, मल्टिप्लेक्सचे पॉपकॉर्न, हा डायअॅसिटिल नावाच्या द्रव्याचा. ही मात्र बनवणाऱ्याची चूक, गंमत अशी की खूप ड्राय हॉपिंग केलं तर हॉप्समधल्या एन्झाइममुळे फर्मेंटेशन परत थोडं चालू होतं आणि त्यात हा परत उगवू शकतो. नळाची बियर असेल तर घाणेरडी पाइपही कारण असते, मग दुसऱ्या नळाची मागून बघा, तिलाही तोच वास असेल तर उठा तिथून. उकडलेलं मक्याचं कणीस आलं तर डीएमएस नावाचं गंधकाचं संयुग, हिरवं सफरचंद आलं तर घाई करून भरलेली. जुन्या चीजचा, पायमोज्यांचा वास म्हणजे हॉप्सच जुने होते. कांदा-लसूण आला तर आधी तुमची बोटं हुंगा (मी हे सिरियसली सांगतोय), तिथून येत नसेल तर तो हॉप्सचाच, काही जातींना असतो, कोणाला आवडतोही. मांजराच्या मुतासारखा हलका वास पण तसाच, सिम्को-सिट्रामध्ये थोडा असतो, थोडा असेल तर दोष नाही.

आणि घशात खरखर, अळू नीट न शिजल्यासारखी? ती गढूळ, खूप हॉप्सवाल्या अगदी ताज्या कॅनमध्ये होते. ही एकच जागा जिथे ताजेपणा आडवा येतो. फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा, बसते खाली.

गढूळ आहे म्हणून मार्क कापणं

हेझी आयपीए वेगळा प्रकार आहे, तिचं गढूळ असणं ठरवूनच केलेलं असतं, तिला वेस्ट कोस्टच्या, म्हणजे नितळ, कडवट आयपीएच्या फुटपट्टीने मोजू नका. साध्या अमेरिकन आयपीएचे ढोबळ आकडे साडेपाच ते साडेसात टक्के आणि ४० ते ७० आयबीयू. इथल्या स्पर्धांमध्ये बीजेसीपी या बियर परीक्षकांच्या संस्थेचा पन्नास मार्कांचा कागद वापरतात, त्यात चवीला २० आणि वासाला १२, दिसण्याला फक्त ३. आणि आपण इन्स्टाग्रामवर त्या तीन मार्कांवर अख्खा निकाल लावतो!

कागदावर लिहायचं तर आधी वास लिहा, मग घोट घ्या, मग शेवटचे चार घोट ग्लासात तसेच ठेवून वीस मिनिटांनी परत हुंगा, कारण गरम झाल्यावर बियर काही लपवू शकत नाही, चांगलं पण आणि वाईट पण. मेहुणा परत जायच्या आदल्या दिवशी मी चिकोहून आणलेला ताजा कॅन उघडला, साधा धुतलेला ग्लास, चिवडा कपाटात. त्याने अर्धा प्यायला आणि फोनवर बोलत बोलत ग्लास तसाच विसरला. परत येऊन उचलला, नाकाशी नेला, थांबला. म्हणाला, "दाजी, आमच्या परड्यातलं पपनस सोलल्यागत वास येतोय ह्याला." मी खुशीत दुसरा कॅन काढायला उठलो तर मागून आवाज आला, "पण मला ती आपली साधी लागर असंल तर बघा की."