मेटानेफ्रिन चाचणीपूर्वी चहा, तंबाखू आणि औषधांबाबत काय करावे

अचानक चढणारा रक्तदाब, धडधड, दरदरून घाम आणि डोकेदुखी असे झटके वारंवार येत असतील, तर अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची दुर्मीळ गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर मेटानेफ्रिनची, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या संप्रेरकांपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्यांची, चाचणी सांगतात. उत्तेजक पदार्थ याच ग्रंथीला चाळवतात, म्हणून या चाचणीत पूर्वतयारीला फार महत्त्व आहे.

मूत्रपिंडाच्या माथ्यावर असलेल्या या ग्रंथीच्या गाभ्यात क्रोमाफिन पेशी असतात. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटले की या पेशींवरील निकोटिनिक ग्राही (संदेश पकडणाऱ्या रचना) उघडतात, सोडियम आत शिरते, पाठोपाठ कॅल्शियम येते आणि अ‍ॅड्रिनॅलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या रक्तात रित्या होतात. तंबाखूतील निकोटीन नेमक्या याच ग्राहींवर बसते, म्हणजे मज्जातंतूने आदेश दिलेला नसतानाही पेशीला तो मिळतो. कॅफीनचा मार्ग वेगळा आहे. ते अ‍ॅडेनोसिन या शरीरातील रसायनाचा शांतवणारा परिणाम अडवते आणि त्यामुळे ग्रंथीकडे जाणारे संदेश वाढतात. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन आणि अ‍ॅम्फेटामिन वर्गातील औषधे मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बाहेर काढतात, आणि त्यानेही अहवालातील आकडे वाढू शकतात.

म्हणून चहा, कॉफी, कोला आणि एनर्जी ड्रिंक किमान आदल्या रात्रीपासून बंद ठेवावीत. प्रयोगशाळेने अधिक अवधी सांगितला असेल, तर तोच पाळावा. कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 5 तास लागतात, त्यामुळे पहाटेचा अर्धा कप चहासुद्धा नको. तंबाखूच्या बाबतीत नुसते ‘सिगारेट ओढता का’ असे विचारून भागत नाही. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया सकाळी उठल्याबरोबर बोटाने दातांना मिश्री लावतात आणि तिला व्यसनात धरत नाहीत. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाते. आईला किंवा सासूबाईंना चाचणीला नेताना हे आपणहून, आदराने विचारावे. गुटखा आणि चुना-तंबाखूलाही हाच नियम लागू आहे.

औषधांची पूर्ण यादी, दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांसह, डॉक्टरांना दाखवावी. नैराश्यावरील काही औषधे अहवाल बदलतात आणि पॅरासिटामॉल तपासणीच्या काही पद्धतींत अडथळा आणते. तरीही कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये, कारण रक्तदाबाची काही औषधे एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

रक्त देण्यापूर्वी 20 ते 30 मिनिटे शांत उताणे पडून राहावे आणि त्याच स्थितीत नमुना घेण्याची विनंती करावी, कारण बसून घेतलेल्या नमुन्यात आकडे वाढलेले दिसू शकतात. 24 तासांची लघवी जमवायची असल्यास पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी आणि वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून, डब्यात जमवावी. डब्यात बहुधा आम्ल असते, म्हणून त्यात थेट लघवी करू नये.

चुकून चहा किंवा तंबाखू घेतला गेलाच, तर सुई टोचण्यापूर्वी तसे सांगून तारीख पुढे ढकलून घ्यावी.