नव्या बॅचची डिजिटल तयारी: आधी कोड कागदावर

पहिल्या वर्षाची मुलं आता येतील आणि त्यांचं डिजिटल तयारीचं सत्र याही वेळी माझ्याकडेच आहे. ही यादी माझ्यासाठी आणि असं सत्र घेणाऱ्या कुणाहीसाठी. मागच्या वेळी माझ्या हातून एक गोष्ट राहिली आणि तिची किंमत एका मुलीने मोजली, म्हणून लिहून ठेवते आहे.

लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, विद्यापीठाचा ईमेल सुरू झाला का, हे सगळं मुलं स्वतः बघतात. त्यात वेळ घालवू नका.

पासवर्ड लांब असावा, प्रत्येक खात्याला वेगळा असावा आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये, असावा. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती करू नका. सक्ती केली की मुलं जुन्याच पासवर्डपुढे एक आकडा वाढवतात. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असंच म्हटलं आहे.

आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी पायरी. ते चालू करायचंच, पण त्याच बैठकीत, पुढच्या विषयाकडे वळण्याआधी, रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खातं उघडून देणारे बॅकअप कोड, कागदावर उतरवून घ्यायचे. मागच्या वर्षी मी अख्ख्या वर्गाकडून टू-स्टेप चालू करून घेतलं. बॅकअप कोडचा पर्याय स्क्रीनवर समोर होता आणि मी म्हणाले, "ते घरी जाऊन बघा, पुढे चला." कुणीही घरी जाऊन बघितलं नाही. कोण बघणार?

सेमिस्टर संपत आलं तेव्हा एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. फोन पाण्यात पडून बंद झालेला, रुमालात गुंडाळून आणलेला. प्रकल्प त्याच रात्री जमा करायचा होता आणि तो सगळा त्या खात्यात होता. उसन्या लॅपटॉपवर सहा आकड्यांची रिकामी चौकट दिसत होती. नवं सिम घालून ती आली होती. म्हणाली, "मॅडम, नंबर तोच आहे ना, मग कोड का येत नाही?"

कारण तो कोड कुठून येतच नाही. ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे हे कोड दाखवणारं ॲप, लावताना जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती फोनमध्ये साठते आणि ती किल्ली व घड्याळातली वेळ यांचं गणित करून फोन दर ३० सेकंदांनी नवा कोड काढतो. म्हणून नेटवर्क नसतानाही कोड मिळतो, आणि म्हणूनच फोन गेला की किल्ली गेली. सिमचा इथे काही संबंध नाही. हे मी सत्रात सांगितलं असतं तर तिचे दोन तास सिमच्या मागे गेले नसते. तिने फक्त ॲप लावलं होतं, दुसरा कुठलाच मार्ग ठेवला नव्हता. खातं उघडेपर्यंत आठवडा गेला आणि प्रकल्पाची मुदत टळली.

तर कोड कागदावर. फोनमधला स्क्रीनशॉट चालणार नाही, तो फोनबरोबरच बुडतो. त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवणं म्हणजे पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावणं. ऑथेंटिकेटर ॲपची प्रत क्लाउडवर ठेवता येते, पण तो क्लाउड उघडायला तेच ॲप लागत असेल तर उपयोग नाही. गूगल १० कोड देतं, प्रत्येक ८ आकडी, आणि प्रत्येक एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना रद्द होतो, म्हणून कागदावर तारीख घाला. दोन प्रती करा. एक घरी महत्त्वाच्या कागदांत, एक खोलीवर. यंदा मी पोरांना आधीच वही-पेन आणायला सांगणार आहे आणि बाहेर सोडताना प्रत्येकाच्या हातात कागद आहे ना, एवढं बघणार आहे. कोड वाचायचे नाहीत, कुणी दाखवले तरी.

फाइल्स. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगा. लॅपटॉपवर सिंक होणारी फाइल उडवली की ती क्लाउडमधूनही उडते, आणि गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघा. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, आपोआप क्रमाने लागतात. "फायनल", "फायनल२", "खरंच फायनल" अशी नावं दिली की गटातला कुणीतरी चुकीची फाइल जमा करतोच.

अभ्यासासाठी झोटेरो, म्हणजे संदर्भ जमवून त्यांची यादी लावणारं सॉफ्टवेअर, पहिल्या सेमिस्टरमध्येच बसवून द्या. फुकट आहे, आणि शेवटच्या वर्षी संदर्भ हाताने जुळवताना रडायची वेळ येत नाही. खातं मात्र वैयक्तिक ईमेलवर काढा, का ते पुढे येईल. चॅटबॉटकडून समजून घ्या, प्रश्न विचारा, त्यात गैर काही नाही. पण त्याने दिलेला संदर्भ तसाच उचलू नका. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, आणि तो लेखच अस्तित्वात नाही, असं मी तपासताना पाहिलं आहे. डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख क्रमांक, टाकून लेख उघडतो का बघायचं, उघडला तर वाचायचं, मगच यादीत घालायचं. चॅटबॉट वापरण्याबद्दल प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असतो, तो शिक्षकांना आधी विचारा, जमा केल्यावर नाही.

प्राध्यापकांना ईमेल करताना विषय, पूर्ण नाव, वर्ग. ग्रुपवर दुसऱ्याचा फोटो किंवा गुण टाकण्याआधी त्याला विचारा.

कामाच्या तयारीचं थोडक्यात. स्वतःचं नाव शोधून काय दिसतं ते बघा, नको ते काढा. दोन-तीन चांगली कामं एका जागी मांडून ठेवा. संशोधनाकडे जाणाऱ्यांनी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक घ्यावा, १६ आकडी असतो आणि संस्था बदलली तरी आपल्याबरोबर येतो.

शेवटचं वर्ष. विद्यापीठाचं खातं पदवीनंतर बंद होऊ शकतं, तारीख विचारून घ्या. त्यावर काढलेली सगळी खाती आधीच वैयक्तिक ईमेलवर वळवा, फाइल्स उतरवून घ्या. फोन बदलणार असाल तर जुना देऊन टाकण्याआधी ऑथेंटिकेटर नव्यावर हलवा. आणि वैयक्तिक खात्याचे कोड काढलेत का? कागदावर, दोन प्रती, तारखेसकट.