पंपावर आळ घेण्याआधी: या चुका टाळा

ट्रेनिंगच्या विमानांवर काम करता करता माझी अठरा वर्षं गेली. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, ‘फ्युएल पंप सस्पेक्टेड’ (इंधनाच्या पंपावर संशय) असं लिहून माझ्याकडे आलेली बहुतेक विमानं पंप न बदलताच बरी झाली. पंप बिचारा गरीब प्राणी आहे. लायकमिंग कंपनीच्या इंजिनावरच्या पंपात एक रबरी पडदा असतो. इंजिन दांडी हलवून तो पडदा खेचतं, तेव्हा इंधन आत येतं. मग आतली स्प्रिंग पडदा परत ढकलते आणि इंधन पुढे जातं. जाता-येता एकेक व्हॉल्व्ह, संपलं. प्रेशर किती द्यायचं ते स्प्रिंग ठरवते, त्यामुळे इंजिन पळालं म्हणून प्रेशर भडकत नाही. विहीर आटली तर मोटार बदलून पाणी येत नाही, तसंच इथे. मागून जे येईल तेच पंप पुढे देणार.

आणि जुन्या सेसना १५२ मध्ये तर तोही नाही. टाक्या वरच्या पंखांत, इंधन आपल्या वजनाने खाली येतं. तरीही एका कॅडेटने, म्हणजे शिकाऊ वैमानिकाने, १५२ च्या लॉगमध्ये ‘पंप वीक’ लिहिलं होतं. मी ते पान जपून ठेवलंय.

आता ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडतो ती. पावसाळ्यातली सकाळ, दोन रात्री विमान बाहेर भिजलेलं आणि त्या दिवशी नेमकं लख्ख निळं आभाळ. एका कॅडेटने पाणी तपासायला पंखाखालून टाकीतल्या इंधनाचं सॅम्पल काढलं, कप आभाळाकडे धरला आणि म्हणाला, “सर, एकदम क्लीन. खाली पाण्याची रेघसुद्धा नाही.” रेघ दिसणार कशी? कपात सगळं पाणीच होतं! एव्हीगॅस १०० एलएल, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, फिकट निळं असतं, आणि निळ्या आभाळासमोर पाणीही निळसर दिसतं. पोराने पुस्तकात वाचलं होतं की पाणी तळाला बसतं, मध्ये रेघ दिसते. वर इंधनच नसेल तर काय, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी कप नाकाशी नेला, वास नाही. बोटावर घेतलं, उडून गेलं नाही. सहा कप ओतल्यावर सातव्यात कुठे निळं दिसायला लागलं. टाकीच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) कडक होऊन चिरली होती, पाऊस सरळ आत. ‘अर्धी टाकी रिकामी ठेवली की दव जमतं’ हे सगळे पाठ म्हणतात, ते खरंही आहे. पण आपल्याकडच्या पावसात मी आधी झाकण बघतो.

माझी सवय सांगतो. कप आभाळासमोर नाही, विमानाच्या पांढऱ्या रंगासमोर धरायचा. वास घ्यायचा. तरी शंका असेल तर पिण्याच्या बाटलीतला एक थेंब कपात सोडायचा. थेंब गोळी होऊन तळाला गेला तर ते इंधन, मिसळून दिसेनासा झाला तर हातात पाणी. इंधन भरल्या भरल्या सॅम्पल काढू नका, पाण्याला खाली बसायला वेळ द्या. आणि सगळ्या जागांवरून काढा. नव्या सेसना १७२ एसला दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन, असे तेरा ड्रेन, म्हणजे सॅम्पल काढायचे व्हॉल्व्ह, आहेत. तेराव्याला वाकायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. सोलो जायची घाई असलेल्या पोरांचा कप चौथ्यालाच खिशात जातो, तेही माहीत आहे.

काढलेलं सॅम्पल परत टाकीत ओतू नका. यावर मी वाद घालत नाही.

दुसरी चूक आमच्या टेक्निशियन मंडळींची. फिल्टर उघडायचा, हवेचा झोत मारायचा, बसवायचा, सही करायची. अरे, आत काय अडकलं होतं ते बघितलंस का? एक १७२ एस पूर्ण पॉवर दिली की गुरगुरायची, फ्युएल फ्लोचा काटा नाचायचा. पंप बदलला. दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. दुसरा पंप मागवायची तयारी झाली होती. फायरवॉलवरच्या (इंजिनामागच्या भिंतीवरच्या) स्ट्रेनरची, म्हणजे इंधनाच्या गाळणीची, वाटी स्वच्छ होती, म्हणून सगळे निर्धास्त. पण इंजिनाला इंधन मोजून देणाऱ्या इंजेक्शन सर्व्होच्या तोंडाशी बोटाएवढी आणखी एक जाळी असते, ती काढायला हात वेडावाकडा घालावा लागतो. ती काढली तर तिच्याभोवती पांढरी चिंधी गुंडाळलेली. टेफ्लॉन टेप! नळाला लावतात ती, हार्डवेअरच्या दुकानातली. स्ट्रेनरच्या पुढच्या एका जोडावर थेंब येत होता म्हणून कोणीतरी आपल्या अकलेने लावली होती. कोणी, ते अजून कबूल झालेलं नाही. इंधनाच्या जोडाला मॅन्युअल सांगेल तेच सीलंट, तेही पहिले आटे सोडून.

म्हणून मी जाळी धुण्याआधी पांढऱ्या कापडावर झटकतो. काळी रबरी भुकटी दिसली की होज आतून सडतोय, चमचमतं काही दिसलं की लोहचुंबक फिरवतो. लाल माती असेल तर बाउझरवाल्याच्या (इंधनाच्या टँकरवाल्याच्या) नोझलचं झाकण कुठे पडलंय ते शोधायला जातो. पाच मिनिटांचं काम. वाटी परत बसवताना गॅस्केट नवी, लॉकिंग वायर नवी, आणि इंजिन चालवून गळती बघितल्याशिवाय काउलिंग (इंजिनावरचं झाकण) लावायचं नाही.

पायपर विमानांवर जाणाऱ्यांसाठी: पंख खाली, इंधन आपल्या वजनाने इंजिनाकडे येत नाही, म्हणून इंजिनाच्या पंपाला जोडी म्हणून इलेक्ट्रिक पंप. टेकऑफला, लँडिंगला आणि टाकी बदलताना तो चालू. पण स्टार्टनंतर तो बंद करून, नुसत्या इंजिनाच्या पंपावर फ्युएल प्रेशरचा काटा हिरव्यात राहतो का ते बघा. सदा चालू ठेवणाऱ्याला इंजिनाचा पंप मेल्याचं कळतच नाही.

रिकाम्या टाकीवर इलेक्ट्रिक पंप घरघरत ठेवू नका. त्याला थंडावा आणि वंगण इंधनाचंच.

टाकीच्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. हवा आत जात नाही, इंधन बाहेर येत नाही, आणि आळ कोणावर? पंपावर.

उन्हात तापलेलं इंजिन चालू होत नाही ते नळीत वाफ धरल्यामुळे. चेकलिस्टमधला हॉट स्टार्ट वाचा, स्टार्टर जाळू नका.

मोठ्या विमानांचं वेगळं असतं असं कोणी म्हणालं की मी १७ जानेवारी २००८ ची गोष्ट काढतो. बीजिंगहून आलेलं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. उतरता उतरता दोन्ही इंजिनांनी मागितलेली ताकद दिली नव्हती. सुदैवाने सगळे वाचले. इंधन नियमात बसणारं होतं. त्यात असतंच तेवढ्या पाण्याचा थंडीत बर्फ झाला आणि इंधन तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी तो अडकला, असं तपासात निघालं. दोन्ही इंजिनांच्या हाय प्रेशर पंपांत कॅव्हिटेशनचे (इंधन कमी पडून पंपात बुडबुडे फुटल्याचे) ताजे ओरखडे सापडले, म्हणजे पंप जीव तोडून ओढत होते आणि मागून पुरेसं इंधन येत नव्हतं.

त्या १७२ मधून काढलेला पहिला पंप आम्ही बेंचवर तपासून घेतला. ठणठणीत होता. सध्या दुसऱ्या विमानावर उडतोय.