हॅलोविनचा काळा पोशाख अंधारात दिसावा म्हणून

३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या सणाला, अमेरिकेत मुलं भुताखेतांचे पोशाख घालून घरोघरी चॉकलेटं गोळा करायला निघतात ती नेमकी अंधार पडताना, आणि चेटकिणीचा किंवा वटवाघळाचा पोशाख काळाकुट्ट. गाडी चालवणाऱ्याला मूल दिसतच नाही.

१. हार्डवेअरच्या दुकानातून रिफ्लेक्टिव्ह टेप (उजेड पडला की चमकणारी चिकटपट्टी) आणा. पाठीवर, दोन्ही बाह्यांवर आणि चॉकलेटच्या पिशवीवर चिकटवा. पाठ विसरू नका, गाडी मागूनही येते.

२. दिवे घालवून मुलाला दहा पावलांवर उभं करा. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून बघा. कमरेशी धरलात तर चमक नीट कळत नाही.

३. झगा घोट्याच्या वर दुमडून टाका.

मुखवट्याने बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा चेहरा रंगवा. मात्र तो रंग आदल्या दिवशी हातावर थोडा लावून बघाच, पुरळ उठलं तर वापरू नका.